शंकर नाग : मालगुडीपलीकडचा

काळीनदी | ३० सप्टेंबर, रात्री ९.४०

माहेर कारवारचं, गेली अकरा वर्षं बंगळुरात राहते. आज ऑफिसातून निघाले तर पाऊस. कशीबशी एक रिक्षा मिळाली. समोरच्या काचेवर एका कोपऱ्यात गणपती आणि दुसऱ्या कोपऱ्यात खाकी शर्टातला, मिशीवाला, हसऱ्या डोळ्यांचा तरुण. एकच गजरा मधोमध तोडून अर्धा अर्धा दोघांना वाहिलेला. रिक्षावाला जेमतेम पंचविशीचा असेल. मी विचारलं, याचे सिनेमे बघितलेस का रे? म्हणाला, "मी दोनतीनच बघितलेत मॅडम, पण माझ्या अप्पांच्या रिक्षातही हाच फोटो होता. आज शंकरण्णाचा दिवस ना."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं, म्हणून हा धागा काढतेय.

शंकर नाग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना एवढंच आठवतं : 'मालगुडी डेज' या दूरदर्शन मालिकेचा दिग्दर्शक, लवकर गेला बिचारा. कर्नाटकात मात्र हा माणूस रिक्षाच्या काचेवर असतो, स्टँडच्या पाटीवर असतो. 'शंकर नाग आटो निल्दाण' अशी पिवळ्या-तांबड्या रंगातली पाटी मी किती गावांत पाहिली त्याची गणती नाही. या दोन्ही ओळखी एकाच माणसाच्या आहेत, हे मलाही इथे राहायला आल्यावरच नीट समजलं.

थोडी माहिती. जन्म ९ नोव्हेंबर १९५४, होन्नावरचा, म्हणजे आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातला. मूळ आडनाव नागरकट्टे. घर चित्रापूर सारस्वतांचं, बोली कोंकणी. थोरले भाऊ अनंत नाग. अनंत नागांना 'अंकुर'मुळे आपण सगळे ओळखतो आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आधी अनंत मुंबईला गेले, पाठोपाठ शंकर. ताडदेवच्या तळमकीवाडीपासून गावदेवीपर्यंत या समाजाची मोठी वस्ती, त्यामुळे कारवार-होन्नावरच्या मुलाला मुंबई काही परकी नव्हती. तिथे शंकर मराठी नाटकांत रमला. तिथल्याच नाटकाच्या तालमींमध्ये त्याची अरुंधती रावशी ओळख झाली. तिला आज आपण अरुंधती नाग म्हणून ओळखतो. तीही मुंबईच्या रंगभूमीवर मराठी, गुजराती, हिंदी असं सगळं करत होती. म्हणजे हा माणूस सिनेमात जायच्या आधी मुंबईत, आपल्या भाषेत नाटक करत होता. ही गोष्ट मराठी लोकांत इतकी कमी माहीत असावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग १९७८ मध्ये गिरीश कर्नाडांनी त्याला 'ओंदानोंदु कालदल्ली' या चित्रपटात घेतलं. नावाचा अर्थ 'कोणे एके काळी'. मलनाडचं रान, एकमेकांवर उठलेले भाऊबंद आणि त्यांच्या पदरी असलेले भाडोत्री योद्धे. त्यातला एक योद्धा, गंडुगली, म्हणजे शंकर. पहिलाच चित्रपट, आणि १९७९ च्या आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार! तिथून पुढे बारा वर्षांत ऐंशीच्या आसपास चित्रपट, दिग्दर्शन, नाटकं, मालिका, स्टुडिओ. आणि ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ, अनगोडू गावापाशी, मोटारीच्या अपघातात सगळं संपलं. छत्तिसावा वाढदिवस चाळीस दिवसांवर होता.

तुमच्याकडे याच्याबद्दल काही असेल तर लिहा. नुसतं 'छान होता' असंही चालेल.

---

हिंगजिरे | ३० सप्टेंबर, रात्री १०.०५

धागा उघडला आणि 'मालगुडी डेज'ची एल. वैद्यनाथन यांची ती धून कानात सुरू झाली. ता ना ना ना... आता रात्रभर थांबायची नाही.

---

तिसरीघंटा | ३० सप्टेंबर, रात्री ११.१८

काळीनदी, छान आठवण काढलीत. मी सत्तरीतला माणूस आहे, गिरगावात वाढलो, आणि नाटक हे आमचं व्यसन. मराठी नात्याच्या ज्या गोष्टी मला माहीत आहेत त्या इथे जोडतो.

पहिली : '२२ जून १८९७'. पुण्यातला प्लेग, रँडचा वध आणि चाफेकर बंधू यांच्यावरचा १९७९ चा मराठी चित्रपट, नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा. त्याच्या पटकथालेखकांत शंकर नाग आहे. मी हा चित्रपट तेव्हा थिएटरात पाहिला, श्रेयनामावलीत ते नाव वाचलं आणि पुढे सरकलो. कोण हा, असा प्रश्नही पडला नाही. बऱ्याच वर्षांनी दूरदर्शनवर मालगुडीच्या शेवटी तेच नाव दिसलं तेव्हा उठून बसलो.

दुसरी : 'मिंचिन ओट'. अर्थ 'विजेची धाव'. १९८० चा चित्रपट, शंकरच्या अगदी सुरुवातीच्या दिग्दर्शनांपैकी. मोटारी चोरणारे तिघे, तुरुंग, तिथून पलायन. अनंत नाग, स्वतः शंकर आणि म्हातारबाबाच्या भूमिकेत लोकनाथ. नायिका आपली प्रिया तेंडुलकर! आमच्या एका कानडी शेजाऱ्यांनी पुढे मला तो व्हीसीआरवर दाखवला. भाषा कळत नव्हती, ते मधे मधे सांगत होते. एका टप्प्यावर त्यांनी सांगणं थांबवलं आणि मीही विचारणं थांबवलं.

तिसरी मला सर्वांत जवळची. बंगळुरात गेल्यावर शंकर-अरुंधतीनं 'संकेत' ही नाट्यसंस्था काढली. कर्नाडांचं 'अंजुमल्लिगे' तिनं केलंच, शिवाय जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' कन्नडमध्ये आणलं. 'संध्याछाया'तले ते दोन म्हातारे, मुलाच्या पत्राची वाट बघणारे. बंगळुरातल्या कानडी प्रेक्षकांनीही त्यांच्यासाठी डोळे पुसले असतील. मुंबईतून निघताना हा माणूस ट्रंकेत आपली नाटकं घालून घेऊन गेला, असं मला नेहमी वाटतं.

---

काळीनदी | ३० सप्टेंबर, रात्री ११.३१

काका, 'संध्याछाया'चं मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या आईचं सर्वांत लाडकं नाटक. उद्या सकाळी तिला फोन करून आधी हेच सांगणार.

---

रानवाटा | १ ऑक्टोबर, सकाळी ७.२२

मालगुडीसाठी मी दोनदा आगुंब्याला जाऊन आले. शिमोगा जिल्हा, तीर्थहळ्ळी तालुका, घाटाच्या अगदी तोंडावरचं गाव. पाऊस इतका की छत्री बंद करायची वेळच येत नाही. मालिकेतल्या शाळकरी स्वामीच्या घराचं चित्रीकरण झालं तो 'दोड्डमने', म्हणजे मोठा वाडा, अजून उभा आहे. मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी खांब, ओसरीवरची जमीन पायांनी घासून काळी तुळतुळीत झालेली. मी त्या ओसरीवर बसले होते, आतून कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज आला, आणि वाटलं की आता वैशाली कासरवळ्ळी बाहेर येऊन स्वामीला हाक मारणार. त्या मालिकेत स्वामीची आई त्या होत्या आणि वडील गिरीश कर्नाड.

तिथून पुढे अरसाळू नावाचं एक छोटं रेल्वे स्टेशन आहे, शिमोगा-ताळगुप्पा मार्गावर. मालगुडीचं स्टेशन म्हणून पडद्यावर दिसलं ते हे. जुनी इमारत पार मोडकळीला आली होती. रेल्वेनं ती नीट करून तिथे मालगुडी संग्रहालय केलंय आणि ते काम केलं जॉन देवराज यांनी, म्हणजे मूळ मालिकेच्याच कलादिग्दर्शकांनी. तिसाहून जास्त वर्षांनी माणूस आपणच सजवलेल्या स्टेशनावर परत आला! मी गेले तेव्हा फलाटावर शाळेच्या गणवेशातली चार पोरं दगडानं आवळे पाडत होती. त्यांतल्या एकालाही टोपी घातली असती तरी स्वामी झाला असता.

---

फर्स्टडेफर्स्टशो | १ ऑक्टोबर, दुपारी १.१०

सगळ्यांची माफी मागून एक वेगळा सूर लावतो. मी हुबळीचा, माझं शिक्षण कन्नडमध्ये झालं, आणि शंकर नागचे निदान तीस तरी चित्रपट मी पाहिलेत. त्यांतले निम्म्याहून अधिक सामान्य आहेत. तीच हाणामारी, तोच सूड, त्याच बहिणीचं लग्न. 'कराटे किंग' म्हणून लोक त्याला डोक्यावर घ्यायचे, आणि कराटेचे ते प्रसंग आज बघवत नाहीत. इतक्या हुशार माणसानं हे का केलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. धाग्यात नुसतं कौतुक नको, हेही यायला हवं.

---

काळीनदी | १ ऑक्टोबर, रात्री ८.५५

फर्स्टडेफर्स्टशो, तुमचं म्हणणं खरं आहे आणि लिहिलंत ते बरं केलंत. मीही त्यांतले काही अर्ध्यावर सोडलेत.

पण माझं मत सांगते. त्या काळात कन्नड चित्रपटाचं ध्वनिमुद्रण म्हटलं की मद्रासची वाट धरावी लागे. गाणी तिकडे, डबिंग तिकडे, मिक्सिंग तिकडे. शंकरनं बंगळुरातच 'संकेत' हा इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभा केला. नाटकं चालू ठेवली. नाटकावर आणि स्टुडिओवर पैसा जातो, येत नाही. वर्षाला सहासात चित्रपटांत मारामाऱ्या करणारा शंकर आणि 'अंजुमल्लिगे' बसवणारा शंकर यांचं खिसापाकीट एकच होतं. मी तरी त्या सामान्य चित्रपटांकडे असं बघते.

आणि दुसरं. ते चित्रपट तो वरून बघत करत नव्हता. 'ऑटो राजा' बघा, १९८० चा. गोष्ट साधी, पण खाकी घालून तो रिक्षात बसतो तेव्हा नट रिक्षावाल्याचं सोंग करतोय असं एकदाही वाटत नाही. पाय कसा टाकतो, गिऱ्हाइकाकडे मान कशी वळवतो ते बघा. रिक्षावाल्यांना नट ओळखता येतात, दिवसभर माणसंच बघतात ते. त्यांनी उगाच चाळीसेक वर्षं त्याला काचेवर ठेवलेलं नाही.

---

फर्स्टडेफर्स्टशो | १ ऑक्टोबर, रात्री ९.४०

हे पटलं. आणि 'सांग्लियाना' मात्र मी कधीही लावला तरी बघतो, हे कबूल करतो. १९८८. एच. टी. सांग्लियाना या खऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या नावावरचा चित्रपट. तो आल्यावर आमच्या गल्लीतली सगळी पोरं पोलीस झाली होती, चोर व्हायला कोणी तयार होईना.

---

सुईदोरा | २ ऑक्टोबर, सकाळी ११.०३

माझं सासर मंगळुरूचं, म्हणून मला 'गीता' माहीत. १९८१. दिग्दर्शन शंकरचं, संगीत इळैयाराजाचं. नायिका अक्षता राव, म्हणजे अरुंधतीची बहीण पद्मावती राव. गोष्ट तशी दुखरी, कॉलेजातलं प्रेम आणि मुलीचा आजार. पण 'जोतेयली' हे एस. पी. बालसुब्रमण्यम आणि एस. जानकी यांचं गाणं अजून प्रत्येक लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजतं. तुम्ही म्हणाल आम्ही ऐकलं नाही. ऐकलंय! 'चीनी कम'मधलं 'जाने दो ना' हीच चाल. इळैयाराजांनी ती मधे एकदा तमिळमध्येही वापरली होती. आमच्याकडे ते हिंदी गाणं लागलं की सासरे दर वेळी सांगायचे, हे आमच्या शंकरचं गाणं आहे.

---

तिसरीघंटा | २ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४७

'आक्सिडेंट'बद्दल कोणी लिहिलं नाही अजून, तर मी लिहितो. १९८५. शंकरचंच दिग्दर्शन. श्रीमंत पुढाऱ्याचा मुलगा रात्री नशेत गाडी चालवतो आणि फूटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडतो. मग ते दाबण्यासाठी सगळी यंत्रणा कशी कामाला लागते त्याची गोष्ट. पुढाऱ्याचं काम अनंत नागांचं, आणि ते प्रकरण खणत जाणारा पत्रकार शंकर स्वतः. चित्रपटात एकही गाणं नाही. १९८५ मध्ये, जेव्हा गाण्यांवर चित्रपट चालत, तेव्हा! राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

फूटपाथवरच्या माणसांवर गाडी घालून सुटलेल्यांच्या बातम्या त्यानंतर आपण इतक्या वेळा वाचल्या की हा चित्रपट जुना वाटतच नाही. मला त्यातली सुरुवातीची रात्र विसरता येत नाही. रिकामा रस्ता, दिवे आणि गाडीचा आवाज. पुढे पाच वर्षांत त्याचा स्वतःचा शेवट रस्त्यावर झाला. त्या गाडीत अरुंधती होत्या, लहानगी मुलगी होती. अरुंधतींना जबर दुखापत झाली होती. त्या बाई उठून पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दलही कोणीतरी लिहा.

---

रानवाटा | २ ऑक्टोबर, रात्री ८.२०

मी लिहिते काका. 'पा'मधली विद्या बालनची आई आठवते ना, ज्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या अरुंधती नाग. पण त्यांचं मोठं काम म्हणजे बंगळुरात जे. पी. नगरमधलं 'रंगशंकरा'. २००४ मध्ये सुरू झालं, शंकरच्या पन्नासाव्या वर्षी. त्याला नाटकासाठी चांगली, परवडणारी जागा हवी होती. ती त्याच्यामागे चौदा वर्षांनी बांधून झाली.

मी तिथे नाटक बघितलंय. सोमवार सोडून रोज नाटक. तिकीट आवाक्यातलं. नाट्यगृह छोटं, प्रेक्षक तीन बाजूंनी उतरत रंगमंचाला जवळजवळ भिडलेले, नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. आणि वेळ म्हणजे वेळ. साडेसातला दार बंद झालं की मंत्री असो की संत्री, आत घेत नाहीत. पुण्यामुंबईत 'दहा मिनिटं थांबा, गाडी लावतायत' ऐकायची सवय असलेल्या मला हे बघून इतकं बरं वाटलं! खाली कँटीनमध्ये साबुदाणावडा मिळाला, तो खाताना शेजारच्या टेबलावर तीन कॉलेजची पोरं कन्नड संहितेवर पेन्सिलीनं खुणा करत वाद घालत होती. ही पोरं तो गेल्यानंतर जन्मलेली.

---

मेट्रोप्रवासी | ३ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

बंगळुरात मेट्रो यावी म्हणून शंकर नागनं ऐंशीच्या दशकातच आराखडे मांडले होते, नंदी हिल्सला रोपवे, स्वस्त घरं बांधायचं तंत्र... हे सगळं इथले लोक भक्तिभावानं सांगतात. प्रत्यक्षात नम्म मेट्रोची पहिली गाडी धावली २०११ मध्ये, एम. जी. रोड ते बैयप्पनहळ्ळी. रोज त्याच गाडीनं जातो. गर्दीत कधी कधी कोणी म्हातारा आपल्या नातवाला सांगताना ऐकू येतो, 'शंकरण्ण असता तर हे वीस वर्षं आधी झालं असतं.' तसं झालंच असतं असं नाही, सरकारी काम आहे शेवटी. पण नट गेल्यावर लोकांनी त्याच्या गाण्यांऐवजी रेल्वेची आठवण काढावी, असा दुसरा नट मला माहीत नाही.

---

हिंगजिरे | ३ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

मी एकही कन्नड चित्रपट बघितलेला नाही. सुरुवात कुठून करू? भाषा शून्य येते.

---

काळीनदी | ३ ऑक्टोबर, रात्री १०.१२

हिंगजिरे, 'मिंचिन ओट'पासून. वेग आहे, भाषा आड येत नाही. मग 'आक्सिडेंट'. मग 'ओंदानोंदु कालदल्ली', तो शांतपणे, रात्री, एका बैठकीत. 'ऑटो राजा' मी आग्रह करणार नाही, पण बंगळुरात येणार असाल तर आधी बघून या. आणि 'उत्सव' बघितला असेल तर शंकरला तुम्ही आधीच बघितलंय! 'मृच्छकटिक'वरचा कर्नाडांचा हिंदी चित्रपट, त्यातला घर फोडणारा चोर सज्जल म्हणजे तोच.

कन्नडचे महानायक राजकुमार यांना घेऊन त्यानं १९८७ मध्ये 'ओंदु मुत्तिन कथे' केला. मोती शोधणाऱ्या गरीब कोळ्याची गोष्ट. लोकांना तो फारसा रुचला नाही. राजकुमार म्हणजे देव, त्यांना असं हरताना कोण बघणार! मला आवडतो. तो सर्वांत शेवटी बघा.

आणि काका, आईला फोन केला. 'संध्याछाया' कन्नडमध्ये झालं म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नानीचं काम कोणी केलं होतं गो?"

---

काळीनदी | ९ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

धागा वर काढतेय, कारण आज त्याचा जन्मदिवस.

आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवर राज्योत्सवाच्या पिवळ्या-लाल पताका अजून तशाच आहेत. आज सकाळी त्याखाली एक स्टूल, स्टुलावर शंकरचा फोटो, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. सगळ्या रिक्षा धुऊन ओळीत लावलेल्या, प्रत्येकीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू. द्रोणातून केशरीभात वाटत होते, मलाही दिला. गरम होता, तूप सुटलेलं, वर दोन काजू.

त्या पंचविशीच्या मुलाला शोधत होते, तो काही दिसला नाही. पण स्टँडवरचे सर्वांत वयस्क रिक्षावाले भेटले. त्यांना विचारलं, शंकरण्णाचा कुठला चित्रपट तुम्हाला सर्वांत आवडतो? मी 'ऑटो राजा'ची वाट बघत होते. त्यांनी हातातला द्रोण खाली ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "गीता."

मग रिक्षाच्या दांडीवर बोटांनी ताल धरून त्यांनी 'जोतेयली'ची पहिली ओळ म्हटली. आवाज चांगला होता. दुसरी ओळ बाजूच्या तिघांनी उचलली.

---

सुईदोरा | ९ नोव्हेंबर, दुपारी ४.२२

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते आता कपाटात कॅसेट शोधतायत.